नवी कारखानी रायफल जुनीइतकी अचूक असते का?

जुनी रायफल हातात घेतली की तिचं पारडं आपोआप जड होतं. अक्रोडाचा दस्ता, नळीची गडद निळसर झाक, काडतूस आत ढकलून बंद करणारा बोल्ट मागेपुढे करताना कुठेही न अडखळणारी चाल. तिच्या शेजारी आजची स्वस्तातली कारखानी रायफल ठेवली तर प्लॅस्टिकचा पोकळ दस्ता, मशीनच्या हत्याराचे वळ आणि खरखरणारा बोल्ट नजरेत भरतो. म्हणून ‘पूर्वीसारख्या रायफली आता होत नाहीत’ हे वाक्य चटकन पटतं. घडणीपुरतं ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण प्रश्न अचूकतेचा असेल, तर कागदावरची भोकं बहुतेक वेळा नव्या रायफलीच्या बाजूने साक्ष देतात.

जुन्या काळातली उत्तम रायफल आणि आजची उत्तम कारखानी रायफल यांच्यात फार अंतर नाही. फरक पडलाय तो सामान्य आणि वाईट रायफलींत. पूर्वी एकाच मॉडेलच्या दोन रायफलींमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर असू शकायचं. आज ते खूप कमी झालंय. डोळे मिटून एखादी नवी रायफल उचलली तर ती बरी निघण्याची शक्यता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची नंबर ४ मार्क १ (टी) ही स्नायपर रायफल कशी तयार व्हायची ते पाहिलं की हा मुद्दा उलगडतो. कारखान्यात नेहमीसारख्या रायफली बनायच्या, चाचणीत ज्या उजव्या ठरायच्या त्या बाजूला काढायच्या आणि त्यांना दुर्बीण बसवायला हॉलंड अँड हॉलंड या बंदूक कंपनीकडे पाठवायचं. म्हणजे चांगली रायफल कारखान्यातून निघत होती, पण कोणती चांगली निघेल हे आधी सांगता येत नव्हतं.

आज आपल्यासमोर ज्या जुन्या रायफली येतात त्याही अशाच निवडून आलेल्या असतात. ज्या नीट लागत नव्हत्या त्या विकल्या गेल्या, त्यांच्या नळ्या बदलल्या, सुटे भाग काढून घेतले गेले. साठ-सत्तर वर्षं एखाद्याने जिवापाड जपलेली रायफल बहुधा चांगली लागणारीच असते. तिच्यावरून त्या काळच्या सगळ्या उत्पादनाचं माप काढलं की हिशेब चुकतो.

आधी माप नीट समजून घेऊ

अचूकता मोजायचं नेहमीचं एकक एमओए, म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० यार्डांवर १ एमओए म्हणजे १.०४७ इंच, १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर. एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका म्हणजे ग्रुप. तो मोजताना सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर घेतात. इथवर सगळं सोपं आहे.

घोळ होतो तो गोळ्यांच्या संख्येवरून. ग्रुपमध्ये जितक्या जास्त गोळ्या, तितका तो मोठा होणारच. त्याच रायफलीचा, त्याच काडतुसांचा तीन गोळ्यांचा सरासरी ग्रुप ०.८ इंच येत असेल, तर पाच गोळ्यांचा साधारण १ इंच आणि दहा गोळ्यांचा सव्वा इंचाच्या आसपास येईल. रायफल तीच, आकडे तीन. जुन्या काळातल्या दहा गोळ्यांच्या चाचण्यांचे आकडे आजच्या तीन गोळ्यांच्या जाहिरातीशेजारी ठेवले, तर जुनी रायफल उगाचच बदनाम होते. उलट, कुणी तरुणपणी मारलेल्या एका झकास तीन गोळ्यांच्या ग्रुपची आठवण आजच्या दहा गोळ्यांच्या निकालाशी ताडली, तर नवी बदनाम होते.

त्यात नशिबाचाही भाग असतो. ज्या रायफलीचा तीन गोळ्यांचा सरासरी ग्रुप १ इंच आहे, तिचा एखादा ग्रुप अर्धा इंचही येतो आणि दुसरा दीड इंच. दोन्हींत तिने काही वेगळं केलेलं नसतं. खिशात ठेवून मित्रांना दाखवायचा कागद नेहमी अर्ध्या इंचाचाच असतो, हे सांगायला नको.

आजकाल कारखाने हमी देतात. वेदरबीच्या व्हॅनगार्डला १०० यार्डांवर तीन गोळ्या ०.९९ इंचात, टिक्काला तीन गोळ्या १ एमओएमध्ये, त्याच कारखान्यातल्या साकोला पाच गोळ्या १ एमओएमध्ये. तीन आणि पाच गोळ्यांच्या हमीतला फरक वर सांगितल्यामुळे लक्षात येईलच. ज्या रायफलीची तीन गोळ्यांची सरासरी १.२ इंच आहे, तीसुद्धा तीन-चार प्रयत्नांत एकदा ०.९९ इंचाचा ग्रुप देऊन जाते. तरीही हमीला अर्थ आहे. १९५०च्या दशकात सर्वसाधारण शिकारी रायफलीवर अशी हमी द्यायला कुणी धजावलं नसतं, कारण दारातून बाहेर पडणारी प्रत्येक रायफल कशी लागेल याची त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. अशा रायफलीने पाच गोळ्या दीड-दोन इंचात टाकल्या तर मालक खूश असायचा.

नळीत काय बदललं

अचूकतेचा सर्वांत मोठा वाटा नळीचा. आतल्या पिळाच्या खाचा पाडायच्या तीन मुख्य पद्धती आहेत.

सर्वांत जुनी म्हणजे आकड्यासारखं एक छोटं पातं नळीतून ओढत एकेक खाच कापायची. प्रत्येक फेरीत इंचाच्या दहा हजाराव्या भागाएवढंच पोलाद निघतं, त्यामुळे एका नळीला तासभर सहज जातो. यात पोलादावर ताण जवळजवळ येत नाही. आजही स्पर्धेच्या सर्वोत्तम नळ्या बनवणारे काही कारागीर हीच पद्धत वापरतात. म्हणजे पद्धत जुनी म्हणून कमी प्रतीची, असं मुळीच नाही. अडचण अशी की पातं झिजतं, त्याला धार लावावी लागते, उंची पुन्हा जुळवावी लागते आणि प्रत्येक वेळी माणसाच्या हातावर विसंबून राहावं लागतं. संख्या वाढवायचा दबाव आला की पहिला बळी याच काळजीचा जातो.

दुसरी पद्धत बटनाची. टंगस्टन कार्बाइडचा कडक गोळा, ज्यावर खाचांचा उलटा आकार असतो, तो नळीतून ढकलतात किंवा ओढतात. पोलाद कापलं जात नाही, दाबलं जातं. १९४०च्या दशकात रेमिंग्टनमध्ये माइक वॉकर यांनी ही पद्धत पुढे आणली. आतला पृष्ठभाग गुळगुळीत येतो आणि वेळ अगदी कमी लागतो. पण दाबल्यामुळे पोलादात ताण साठतो. तो भट्टीत तापवून काढला नाही आणि नंतर नळी बाहेरून निमुळती केली, तर तोंडाकडे आतला व्यास किंचित सैल होतो. जाणकारांना हे अजिबात चालत नाही. तोंडाकडे नळी थोडी घट्ट असली तर चालेल, सैल नको.

तिसरी पद्धत थंड हातोड्यांची. हवी त्यापेक्षा आखूड आणि जाड नळी घेऊन, आत खाचांचा साचा घालून बाहेरून चारी बाजूंनी हातोडे मारतात. नळी साच्यावर दबत जाते आणि लांब होते. काही मिनिटांत काम पूर्ण, आणि चेंबरही, म्हणजे काडतूस बसतं ती नळीची मागची पोकळी, त्याच वेळी घडवता येतो. ही यंत्रं जर्मनीत युद्धकाळात मशीनगनच्या नळ्यांसाठी आली आणि पुढे ऑस्ट्रियातल्या यंत्रांमुळे जगभर पसरली. एकच साचा हजारो नळ्यांना पुरतो, त्यामुळे पहिल्या आणि हजाराव्या नळीचा व्यास जवळपास सारखा येतो. टिक्का, साको, रुगर यांच्या नळ्या अशाच बनतात. इथेही ताणाचा प्रश्न आहेच. नीट ताणमुक्त न केलेली पातळ नळी तापली की गोळ्या एका दिशेने सरकू लागतात. पहिल्या तीन गोळ्या एकत्र, चौथी-पाचवी वर-उजवीकडे, असं चित्र सतत दिसलं तर संशय आधी तिथे घ्यावा.

ॲक्शन, चेंबर आणि हाताचं कौशल्य

जुन्या कारागिरांचं कौतुक करताना त्यांच्याकडे काय नव्हतं हेही पाहावं. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड आर्मरीत १९०३ मॉडेलचे रिसीव्हर, म्हणजे नळी जिच्यात बसते आणि बोल्ट जिच्यात सरकतो ती चौकट, कडक करताना कामगार तापलेल्या पोलादाचा रंग डोळ्यांनी पाहून अंदाज बांधायचे. लख्ख उजेडाच्या दिवशी रंग फिका दिसायचा, पोलाद गरजेपेक्षा जास्त तापायचं आणि ठिसूळ व्हायचं. काही रिसीव्हर फुटल्यावर तापमापक आले. म्हणूनच त्या कारखान्याच्या ८,००,००० पेक्षा कमी क्रमांकाच्या रायफलींतून गोळ्या झाडू नयेत असं आजही सांगितलं जातं. हा मुद्दा सुरक्षिततेचा आहे, अचूकतेचा नाही. पण निष्णात नजर आणि मोजमाप यांतला फरक याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

अचूकतेसाठी ॲक्शनमध्ये, म्हणजे रिसीव्हर आणि बोल्टच्या जोडीत, तीन गोष्टी सरळ हव्यात. रिसीव्हरचं तोंड नळीच्या अक्षाला काटकोनात, बोल्टचं तोंडही काटकोनात, आणि बोल्टचे दोन्ही लग, म्हणजे त्याला अडकवून धरणारे उंचवटे, सारखे टेकलेले. एकच लग टेकत असेल तर काडतूस पेटताना बोल्ट किंचित तिरका होतो, आणि दर वेळी सारखाच तिरका होईल याची खात्री नसते. पूर्वी मऊ पोलादावर यंत्रकाम करून मग ते कडक करायचे, आणि कडक करताना भाग थोडा वाकायचा. आजची संगणकचालित यंत्रं कडक झालेल्या पोलादावरही अखेरचा हात फिरवू शकतात, आणि पात्याची झीज मोजून भरून काढतात.

काही सुधारणा तर खर्च वाचवण्याच्या नादात झाल्या. रेमिंग्टनने १९४८ मध्ये ७२१ आणि ७२२ काढल्या, त्यांतूनच १९६२ मध्ये ७०० आली. गोल रिसीव्हर लेथवर वळवायला सोपा म्हणून निवडला, आणि गोल, ताठ, सरळ रिसीव्हर हा अचूकतेसाठीही उत्तम निघाला. सॅव्हेजच्या ११० मॉडेलने, १९५८ मध्ये, नळी नटने आवळायची युक्ती आणली. जोडणी करणाऱ्याने चेंबरमध्ये गेज घालायचं, त्यावर नळी टेकेपर्यंत फिरवायची आणि नट घट्ट करायचा. प्रत्येक रायफलीचं हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपासून चेंबरमध्ये काडतूस टेकतं तिथवरचं अंतर, नेमकं जुळतं. शिवाय तिच्या बोल्टचं डोकं थोडं हलतं राहतं, त्यामुळे लग आपोआप सारखे टेकतात. दिसायला तो नट ओबडधोबड आहे, पण तुलनेने स्वस्त सॅव्हेज महागड्या रायफलींना कागदावर लाजवायची त्याची कारणं हीच. आता इतर अनेक कारखान्यांनी नटची पद्धत उचलली आहे.

विंचेस्टर ७० ची कहाणी तर या वादाचा गाभाच आहे. १९३६ मध्ये आलेली ही रायफल १९६४ मध्ये खर्च कमी करण्यासाठी बदलली. जर्मन माउझर रायफलीसारखा लांब पंजा असलेला एक्सट्रॅक्टर, म्हणजे काडतूस धरून बाहेर ओढणारा आकडा, गेला, दस्त्यावरची नक्षी कोरण्याऐवजी दाबून काढली, आणि नळीभोवती डोळ्यांत खुपणारी फट ठेवली. चाहते चिडले ते आजतागायत. ‘६४ पूर्वीची’ हा बाजारातला मानाचा शिक्का झाला आणि कंपनीला १९९२ मध्ये जुनी पंजाची रचना परत आणावी लागली. पण त्या चीड आणणाऱ्या फटीमुळे नळी दस्त्यापासून मोकळी झाली, आणि मोकळी नळी साधारणपणे जास्त सातत्याने लागते. ६४ नंतरच्या पहिल्या रायफली कुरूप होत्या, हे मान्य. अचूकतेत त्या मागे होत्या असं मात्र म्हणता येत नाही. पंजाच्या एक्सट्रॅक्टरचा फायदा काडतूस खात्रीने भरण्या-काढण्यात आहे, ग्रुप लहान करण्यात नाही.

दस्ता आणि ट्रिगर

लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, दार चौकटीत अडकतं तसं. जुन्या शिकारी रायफलींत दस्त्याचं टोक नळीला खालून मुद्दाम दाबत असे, पाच-सात पौंडांच्या जोराने. पातळ नळीची थरथर आवरायचा तो चांगला उपाय होता. पण ऋतू बदलला की दाब बदलायचा, आणि झिरो, म्हणजे नेम आणि गोळी यांची जुळवलेली जागा, १०० यार्डांवर दोन-तीन इंच सरकायचा. जुनी रायफल ‘कधी लागते, कधी नाही’ अशी लहरी वाटली तर पहिला संशय लाकडावर घ्या.

प्लॅस्टिकला हवेचं वावडं नाही, पण त्याचा स्वतःचा दोष आहे. स्वस्त साच्यातल्या दस्त्याचा पुढचा भाग लवतो. मोकळी असलेली नळी, रायफल बायपॉडवर (दस्त्याच्या पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) टेकवून अंगाचा भार दिला की दस्त्याला टेकते आणि गोळ्या वेगळीकडे जातात. तपासायला सोपं आहे. रिकामी रायफल बायपॉडवर ठेवा, नेहमीसारखा भार द्या आणि दुसऱ्याला नळी व दस्ता यांच्यात कागदाची पट्टी सरकवायला सांगा. अडकली तर दोष सापडला. बायपॉडऐवजी वाळूची पिशवी दस्त्याच्या मागच्या बाजूला, मॅगझिनजवळ ठेवली तर तीच रायफल सुधारते. नव्या स्वस्त रायफलींत खर्च वाचवला गेलाय तो मुख्यतः इथे. तरी काहींनी ॲक्शनच्या आधाराची जागा मात्र चोख केली आहे. रुगर अमेरिकनमध्ये साच्यातच धातूचे ठोकळे बसवलेले असतात आणि ॲक्शन त्यांवरच टेकते.

ट्रिगरने नळीची अचूकता बदलत नाही. त्याने बदलतो तो नेमबाज. जुन्या लष्करी रायफलींचा दोन टप्प्यांचा ट्रिगर जड असला तरी शिकता येण्याजोगा होता. नंतर, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत, अपघाताच्या खटल्यांच्या धास्तीने अमेरिकी कारखान्यांनी ट्रिगर सहा-सात पौंडांपर्यंत जड ठेवले. ज्यांची तुलना ‘त्या वेळच्या नव्या’ रायफलींशी होती, त्यांचं मत नव्याच्या विरोधात जाणं साहजिक होतं. सॅव्हेजने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुरक्षित पण हलका, मालकाला स्वतः जुळवता येणारा ट्रिगर आणला आणि बाकीच्यांना मागोमाग यावं लागलं. आता अडीच ते चार पौंडांचा स्वच्छ ट्रिगर स्वस्त रायफलीतही मिळतो. ट्रिगर दाबल्यापासून पिन काडतुसावर आदळेपर्यंतचा वेळही घटलाय. माउझर ९८ मध्ये तो सुमारे ५ मिलिसेकंद, रेमिंग्टन ७०० मध्ये सुमारे ३. तेवढ्यात हात हलायला वेळ कमी मिळतो.

अर्धं श्रेय काडतुसाचं

इथे जुन्या रायफलींवर सर्वांत मोठा अन्याय होतो. १९५०ची रायफल १९५०च्या काडतुसांनी दोन इंचाचा ग्रुप द्यायची, तीच आजच्या काडतुसांनी सव्वा इंचावर येऊ शकते. गोळीच्या आवरणाची जाडी सगळीकडे सारखी नसेल तर ती फिरताना डुगडुगते. आज साध्या शिकारी गोळ्याही त्या बाबतीत पूर्वीपेक्षा खूप एकसारख्या असतात.

चांगला दारूगोळा पूर्वीही होता, आणि तो होता तिथे निकालही दिसला. स्वित्झर्लंडची के३१ रायफल, १९३० आणि ४०च्या दशकांतली, जीपी११ या लष्करी काडतुसासह आजच्या चांगल्या कारखानी रायफलींच्या तोडीस तोड लागते. स्वीडिश माउझरचीही तीच ख्याती. त्यांच्या दस्त्यावर पितळी चकती असायची आणि तिच्यावर नळीची स्थिती खुणेने नोंदलेली असायची. मोजायची शिस्त जिथे होती, तिथे जुनं उत्पादनही सातत्याने अचूक होतं.

नव्या काडतुसांशी जुन्या नळीचा पीळ जुळतोय का, हे मात्र पाहावंच लागतं. गोळी जितकी लांब, तितका पीळ वेगवान लागतो. १९५५ मध्ये .२४३ विंचेस्टर दहा इंचांत एक फेरा या पिळाने आली आणि .२४४ रेमिंग्टन बारा इंचांत एक फेरा घेऊन. दोन्हींची गोळी एकाच व्यासाची. पण १०० ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक) भरणाऱ्या लांब गोळीला बारा इंचांचा पीळ पुरेना, आणि .२४४ मागे पडली. शेवटी रेमिंग्टनने १९६३ मध्ये पीळ नऊ इंचांचा करून तेच काडतूस ६ एमएम रेमिंग्टन या नावाने पुन्हा आणलं. आजच्या लांब, टोकदार गोळ्या आणि पूर्ण तांब्याच्या गोळ्या तर त्याच वजनात आणखी लांब असतात. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून वजन भरायला लांबी वाढते. जुन्या .२२-२५० मध्ये चौदा इंचांचा पीळ असतो, तिला ५५ ग्रेनपर्यंतच ठेवा. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसलं, तर गोळी आडवी लोळत येतेय. तो दोष रायफलीच्या वयाचा नाही, जोडीचा आहे.

२००७ मध्ये आलेल्या ६.५ क्रीडमूरने नेमकं हेच आधीपासून जुळवलं. आठ इंचांचा पीळ, लांब गोळी आणि तिला सरळ धरणारा, चेंबरच्या लगेच पुढचा घट्ट भाग. नवी रायफल सहज अचूक लागते यात अशा काडतुसांचा मोठा हात आहे. रायफलीला एकटीला श्रेय देऊ नये.

तुलना करायची तर अशी करा

दोन रायफली समोर असतील, तर आधी दोन्ही रिकाम्या असल्याची खात्री करा. जुनीच्या बाबतीत पहिली गोळी झाडण्याआधी बंदूक-मिस्त्रीकडून हेडस्पेस गेजने तपासून घ्या. मग नळी ब्रशने आणि तांबं विरघळवणाऱ्या द्रावणाने स्वच्छ करा. वापरलेल्या नळीत तांब्याचे थर इतके असतात की चिंधीवर निळा रंग येणं थांबायला कधीकधी दोन-तीन दिवस लागतात. निव्वळ एवढ्यावर ग्रुप निम्मा झाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

आत खड्डे दिसतात का पाहा. जुन्या लष्करी काडतुसांच्या दारू पेटवणाऱ्या कॅपमधून क्षार मागे राहायचे, ते हवेतलं पाणी ओढायचे आणि नळी गंजायची. थोडे खड्डे असूनही रायफल बरी लागू शकते, फक्त ती लवकर माखते. तोंडाची कड मात्र निर्दोष हवी. कापसाची काडी आतून बाहेर फिरवली आणि कुठे धागे अडकले तर तिथे ओरखडा आहे. गोळी बाहेर पडताना मागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि तिला ढकलतो. कड पुन्हा कापून घेणं हे छोटं काम आहे. लष्करी रायफलींत तोंडाकडून लोखंडी सळई घालून साफ केल्याने ही झीज हमखास असते.

स्क्रू घट्ट आहेत का ते टॉर्क रेंचने पाहा, अंदाजाने नको. साध्या लाकडी दस्त्यात ॲक्शनचे स्क्रू साधारण ४० ते ४५ इंच-पौंड, ॲल्युमिनियमच्या आधारावर ६५ पर्यंत, पण कारखान्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा. स्कोपच्या, म्हणजे दुर्बिणीच्या, रिंगचे स्क्रू १५ ते २०. आता पुढचा स्क्रू सैल करत नळी आणि दस्त्याच्या टोकावर बोट ठेवा. हालचाल जाणवली तर ॲक्शन वाकून बसलेली आहे, बेडिंग, म्हणजे ती दस्त्यात न ताणता नीट बसेल अशी जागा, करून घ्यावं लागेल.

दोन्हींवर एकच स्कोप आळीपाळीने लावणं उत्तम. जुन्या ४ पटींच्या दुर्बिणीने नेम धरून मारलेला ग्रुप आणि १६ पटींच्या दुर्बिणीतून मारलेला ग्रुप यांची तुलना ही डोळ्यांची तुलना होते. प्रत्येकीला तीन वेगवेगळी काडतुसं द्या. प्रत्येक काडतुसाचे पाच गोळ्यांचे चार ग्रुप मारा, वाऱ्याच्या लहरीत नाही, आणि दोन ग्रुपांमध्ये नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. चारही ग्रुप मोजा, नावडता ग्रुप ‘माझा हात हलला’ म्हणून वगळू नका. सरासरीत दहा टक्क्यांचा फरक आला तर तो फरक नाही असं समजा. एवढ्या गोळ्यांत तितकं वरखाली होतंच. दीडपट फरक आला, तरच रायफलीबद्दल बोलण्यात अर्थ आहे.

ग्रुपचा आकारही बोलतो. उभी रांग लागली तर नळी दस्त्याला टेकते का ते पाहा. १०० यार्डांवर गोळीच्या वेगातल्या फरकाला दोष देऊ नका. वेगात एक टक्का फरक पडला तरी तिथे जेमतेम ०.०५ इंच पडतं, ५०० यार्डांवर मात्र दीड इंचाच्या पुढे जातं. आडवी रांग बहुधा वारा किंवा ट्रिगरवरचं बोट. दोन वेगळे गठ्ठे पडले तर सैल स्क्रू, सैल बेडिंग किंवा स्कोपमधली काच हलणं. जुन्या स्कोपमध्ये हे शेवटचं कारण फार जास्त आढळतं, आणि शिक्षा मात्र रायफलीला होते.

एक गंमत ली-एनफील्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीची. तिचे लग बोल्टच्या मागच्या बाजूला, त्यामुळे ॲक्शन लवचीक. १०० यार्डांवर ती फारशी चमकत नाही. पण मंद गोळी नळीतून उशिरा निघते, आणि तेवढ्यात थरथरणारी नळी थोडी वर गेलेली असते. म्हणून मंद गोळी वरच्या कोनात सुटते आणि दूरवर वेगवान गोळीच्या जवळच पडते. लष्करी काडतुसांनी लांब पल्ल्यावर ती अपेक्षेपेक्षा चांगली लागायची ती यामुळे. फक्त १०० यार्डांवर मोजणाऱ्याला हा गुण दिसणारच नाही.

जुनी रायफल चाचणीत मागे पडली आणि ती ठेवायचीच असेल, तर खर्चाचा क्रम असा ठेवा: स्वच्छता, स्क्रू, तोंडाची कड, बेडिंग, आणि सर्वांत शेवटी नळी. जुन्या माउझर किंवा ६४ पूर्वीच्या विंचेस्टरच्या ॲक्शनवर आजची चांगली नळी बसवली तर ती कुठल्याही नव्या कारखानी रायफलीच्या बरोबरीला येते. मात्र मूळ स्थितीतली, संग्राह्य रायफल असेल तर नळी बदलण्याआधी तिची किंमत तपासा. मूळ नळी काढली की बाजारातली किंमत बऱ्याचदा नव्या नळीच्या खर्चापेक्षा जास्त घसरते. मूळ दस्त्यात बेडिंगसाठी कोरलं तरी तसंच. अशा रायफलीला वेगळा दस्ता घेऊन त्यात बेडिंग करावं, आणि जुना कोरड्या जागी गुंडाळून ठेवावा.